ग्रंथपालांना शिकवणारा शिक्षक : डॉ. एस. आर. रंगनाथन

विद्यार्थी मित्रहो, १२ ऑगस्ट हा दिवस आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. शिक्षक दिनाला आपण गुरुजींना फूल देतो, बाल दिनाला खाऊ मिळतो. ग्रंथपाल दिन मात्र बहुतेक शाळांतून येतो आणि जातो, कोणाच्या लक्षातही राहत नाही. हा दिवस ज्यांच्या जन्मदिनानिमित्त पाळतात ते डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जातात. गंमत अशी की ग्रंथपाल व्हावे असे त्यांच्या मनात कधीच नव्हते. ते गणिताचे शिक्षक होते आणि शिक्षकच राहू इच्छित होते. ग्रंथालयात आल्यावरही त्यांच्यातला शिक्षक गेला नाही, आणि म्हणूनच ग्रंथपाल घडवण्याची एक नवी रीत या देशाला मिळाली.

बालपण आणि शिक्षण

रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील तंजावर जिल्ह्यात, शियाळी या गावी झाला. (हे तेच तंजावर, जिथे व्यंकोजीराजांपासून भोसले घराण्याने राज्य केले आणि जिथले सरस्वती महाल ग्रंथालय आजही प्रसिद्ध आहे.) वडील रामामृत अय्यर यांची थोडी शेती होती. गावकऱ्यांना रामायण वाचून दाखवण्याची त्यांना आवड होती. रंगनाथन सहा वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आजोबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या आणि आई सीतालक्ष्मी यांच्या देखरेखीखाली हा मुलगा वाढला. प्रकृती तोळामासा आणि बोलताना अडखळण्याची सवय. हा मुलगा पुढे आयुष्यभर शिकवण्याचे काम करील असे तेव्हा कोणाला वाटले नसते.

गावच्या हिंदू हायस्कुलातून मॅट्रिक होऊन ते मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात गेले. तेथे त्यांना एडवर्ड रॉस नावाचे गणिताचे प्राध्यापक भेटले. रॉससाहेबांनी या अबोल विद्यार्थ्याला आपलेसे केले. पुढे शिष्य स्वतः मोठा झाला तरी गुरूचे घरी येणे-जाणे चालू राहिले. १९१३ साली बी. ए. आणि १९१६ साली गणित घेऊन एम. ए. झाल्यावर रंगनाथन यांनी मद्रासजवळच्या सैदापेठ येथील अध्यापक महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९१७ साली शिक्षकाची पदवी मिळवली.

ही पदवी म्हणजे आजच्या बी.एड.सारखीच. आपल्या शाळेत बी.एड.चे छात्राध्यापक येतात, ते तुम्ही पाहिले आहेतच. हातात पाठ टाचण, खिशात रंगीत खडू आणि छातीत धडधड! मागच्या बाकावर त्यांचे प्राध्यापक वही घेऊन बसलेले असतात. पाठ संपला की ते त्या नवशिक्या शिक्षकाला बाजूला घेऊन सांगतात, की प्रश्न चांगले विचारलेस पण उत्तराला वेळ दिला नाहीस, फळ्यावरचे अक्षर मागच्या मुलांना दिसत नव्हते, आणि खिडकीजवळच्या मुलाकडे तू एकदाही पाहिले नाहीस. अनुभवी माणसाच्या नजरेखाली, खऱ्या मुलांसमोर, चुकतमाकत शिकणे हा शिक्षकाच्या शिक्षणाचा गाभा आहे. ग्रंथपालांसाठी मात्र त्या काळी आपल्याकडे अशी सोय जवळजवळ नव्हतीच. ती उभी करण्याचे काम पुढे रंगनाथन यांच्या वाट्याला आले.

वर्गातील रंगनाथन

१९१७ पासून ते मंगळूर आणि कोईमतूर येथील सरकारी महाविद्यालयांत व नंतर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. बोलण्यातला अडखळा त्यांनी प्रयत्नाने आटोक्यात आणला. तासभर टिपणे सांगायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची, ही पद्धत त्यांना पसंत नव्हती. मुलांना प्रश्न द्यावा, त्यांना पुस्तकांकडे पाठवावे, मग वर्गात त्यावर चर्चा करावी, याकडे त्यांचा ओढा होता. शिक्षकांच्या संघटनेतही ते गणित विभागाचे काम पाहत. पगार मात्र बेताचा होता.

याच सुमारास मद्रास विद्यापीठाला पहिला ग्रंथपाल नेमायचा होता. पगार बरा होता. मित्रांच्या आग्रहाखातर रंगनाथन यांनी अर्ज केला आणि त्यांची निवडही झाली. ग्रंथालय कसे चालवतात याचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुलाखतीपूर्वी ज्ञानकोशातील ग्रंथालयावरचा लेख वाचून ते गेले होते, असे सांगतात. जानेवारी १९२४ मध्ये ते कामावर रुजू झाले.

आणि थोड्याच दिवसांत कंटाळले! कॉलेजात दिवसभर मुलांचा गराडा असे. इथे भल्या मोठ्या खोलीत पुस्तके, धूळ आणि शांतता. वाचायला फारसे कोणी फिरकत नसे. हा एकांत सोसवेना, तेव्हा ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि आपल्याला पुन्हा शिकवायला घ्या, अशी विनंती केली. प्राचार्यांनी शहाणपणाचा सल्ला दिला. विद्यापीठ तुम्हाला ग्रंथालयाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवणारच आहे, तेव्हा आधी जाऊन या. परतल्यावरही मन लागले नाही, तर आमचा दरवाजा उघडा आहे. रंगनाथन यांनी हे मानले.

क्रॉयडनची उमेदवारी

१९२४ च्या सप्टेंबरात बत्तीस वर्षांचे रंगनाथन इंग्लंडला गेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ग्रंथपालनाचे शिक्षण देणारा वर्ग होता. तेथे डब्ल्यू. सी. बर्विक सेयर्स हे वर्गीकरण शिकवीत. सेयर्स हे नुसते व्याख्याते नव्हते, लंडनजवळच्या क्रॉयडन गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ते मुख्य ग्रंथपाल होते. मुलांच्या ग्रंथालयांविषयीही त्यांना मोठी आस्था होती आणि त्या विषयावर त्यांनी लिहिलेही आहे.

एम. ए. झालेला, सात वर्षे शिकवलेला हा विद्यार्थी व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष कामातून अधिक शिकेल, हे सेयर्स यांनी ओळखले. त्यांनी रंगनाथन यांना आपल्या ग्रंथालयाची दारे उघडून दिली आणि मग इंग्लंडमधील इतर ग्रंथालये पाहण्यासाठी पाठवले. रंगनाथन यांनी शंभराहून अधिक ग्रंथालये पाहिली. प्रत्येक ठिकाणी पुस्तके कशी लावली आहेत, वाचक काय विचारतो आणि त्याला उत्तर कसे मिळते, हे ते पाहत आणि परतल्यावर गुरूंशी त्याची चर्चा करीत.

या भ्रमंतीत त्यांच्या डोळ्यांपुढे एक नवेच जग उभे राहिले. ग्रंथालयात कामगार येत होते, गृहिणी येत होत्या, लहान मुले येत होती. मुलांसाठी वेगळी खोली होती आणि बुटकी कपाटे होती. मद्रासच्या त्या शांत खोलीत जी गोष्ट त्यांना खुपत होती, तिचे उत्तर इथे मिळाले. ग्रंथालय म्हणजे कोठार नव्हे, तो एक मोठा वर्गच आहे. फक्त इथे प्रत्येक विद्यार्थ्याचा धडा वेगळा असतो. आता परत कॉलेजात जाण्याची गरज उरली नाही. शिकवण्याचे काम ग्रंथालयातच भरपूर होते.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सेयर्स यांनी त्यांना मोकळे सोडले, पण वाऱ्यावर सोडले नाही. शिष्याने पाहावे, करावे आणि मग येऊन सांगावे. गुरूने ऐकावे, प्रश्न विचारावे आणि पुढची वाट दाखवावी. उमेदवारी म्हणतात ती हीच. सुताराकडे, सोनाराकडे, गवयाकडे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असेच शिक्षण होत आले आहे.

खेळण्यातून सुचलेली कल्पना

पुस्तकांचे वर्गीकरण करण्यासाठी तेव्हा अमेरिकेच्या मेल्विल ड्यूई यांची १८७६ सालची दशांश पद्धती सर्वत्र वापरली जाई. ज्ञानाचे दहा भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा दहा, अशी ती रचना. रंगनाथन यांना ती अपुरी वाटे, कारण नवा विषय निघाला की त्याला जागा कोठे द्यायची हा प्रश्न पडे. एके दिवशी लंडनमधील सेल्फ्रिज नावाच्या मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. मोजक्याच पट्ट्या, चाके आणि स्क्रू, पण त्यांच्यापासून गाडीही होते, पूलही होतो आणि पाळणाही होतो. त्यांच्या मनात आले, विषयाचेही असेच करता आले तर? आधीपासून सगळी घरे बांधून ठेवण्यापेक्षा सुटे भाग तयार ठेवावेत आणि पुस्तक समोर आले की ते जोडून त्याचा क्रमांक बनवावा.

समजा, एखादे पुस्तक १९५० सालातील माळव्यातल्या गव्हावरील रोगांविषयी आहे. शेती हा मुख्य विषय. गहू, रोग, माळवा आणि १९५० हे त्याचे सुटे भाग. प्रत्येकाला आपापले चिन्ह द्यायचे आणि मध्ये विरामचिन्हे घालून ते जोडायचे. सुरुवातीला या जोडणीसाठी अपूर्णविराम, म्हणजे इंग्रजीतील कोलन, वापरला, म्हणून या पद्धतीला कोलन वर्गीकरण असे नाव पडले. १९२५ साली मायदेशी परतताना जहाजावरच्या छोट्या ग्रंथसंग्रहावर त्यांनी या कल्पनेची चाचणी घेतली. पुस्तकरूपाने ती १९३३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे जगभरच्या ग्रंथपालांनी तिचा अभ्यास केला.

पाच सूत्रे

मद्रासला आल्यावर रंगनाथन यांनी कामाचा सपाटा लावला. कपाटे वाचकांना खुली केली, ग्रंथालयाची वेळ वाढवली आणि आलेल्या माणसाला हवे ते पुस्तक शोधून देण्यासाठी माणसे नेमून घेतली. ते स्वतः सकाळपासून रात्रीपर्यंत तेथेच असत. सुमारे वीस वर्षे त्यांनी रजा अशी घेतलीच नाही. राहणी अगदी साधी, आणि ग्रंथालयात ते अनवाणी वावरत.

पण एवढ्याने त्यांचे समाधान होईना. ग्रंथालयात शेकडो कामे असतात. त्यांच्या मुळाशी काही मोजकी तत्त्वे असलीच पाहिजेत, असे त्यांच्यातल्या गणितज्ञाला वाटे. १९२८ साली ते याच विचारात अडकले असताना नेहमीप्रमाणे रॉससाहेब भेटायला आले. शिष्याची अडचण ऐकून, पुस्तके ही वापरासाठी असतात हेच तुझे पहिले सूत्र नाही का, असे त्यांनी सहज सुचवले. धागा सापडला आणि उरलेली चार सूत्रे भराभर सुचत गेली.

पहिले सूत्र असे, की पुस्तक जपून कुलुपात ठेवण्यासाठी नसते, वापरण्यासाठी असते. दुसरे, प्रत्येक वाचकाला, मग तो गरीब असो की श्रीमंत, लहान असो की मोठा, त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. तिसरे, प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे. चौथे, वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि पाचवे, ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे.

वाचायला ही सूत्रे अगदी सोपी वाटतात. पण शाळेतील कपाटाला लावून पाहा, म्हणजे त्यांतील कठोरपणा कळेल. पुस्तक फाटेल या भीतीने कपाटाला कुलूप असेल, तर पहिले सूत्र मोडले. फक्त हुशार मुलांनाच पुस्तके मिळत असतील, तर दुसरे मोडले. एखादे सुरेख पुस्तक दहा वर्षे कोणी उघडलेलेच नसेल, तर तिसरे मोडले. ग्रंथालयाचा तास पुस्तके मोजून देण्याघेण्यातच संपत असेल, तर चौथे मोडले. आणि गेल्या कित्येक वर्षांत नवे पुस्तक आलेच नसेल, तर पाचवे!

१९२८ हे वर्ष त्यांच्यासाठी मोठ्या दुःखाचेही होते. मद्रासच्या पार्थसारथी मंदिराच्या तळ्यात अपघात होऊन त्यांची पत्नी रुक्मिणी यांचे निधन झाले. त्याच वर्षअखेरीस चिदंबरमजवळ झालेल्या प्रांतिक शिक्षण परिषदेत त्यांनी ही सूत्रे प्रथम जाहीरपणे मांडली. समोर श्रोते होते ते शिक्षक. १९३१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दरम्यान १९२९ साली त्यांचा विवाह शारदाबाईंशी झाला. या माउलीने पुढे त्यांचा संसार आणि त्यांच्याकडे येणाऱ्या शिष्यांचा पाहुणचार सांभाळला.

ग्रंथपालांची शाळा

ग्रंथपालांना शिकवण्याचे प्रयोग आपल्या देशात त्याआधी झाले नव्हते असे नाही. त्याचा पहिला मान बडोद्याकडे जातो. महाराजा सयाजीराव गायकवाड अमेरिकेचा प्रवास करून आले आणि तेथील ग्रंथालये पाहून त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली बडोद्यात आणले. १९११ साली बॉर्डन यांनी बडोद्यात प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. संस्थानात गावोगाव वाचनालये निघाली, फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेड्यांत जाऊ लागली आणि मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी खास दालन उघडले. तेथून निघणारे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत छापले जाई. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्यासारख्या मराठी मंडळींना याचा अभिमान वाटायला हवा. त्यानंतर १९१५ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात असा वर्ग निघाला.

रंगनाथन यांनी या वाटेचा हमरस्ता केला. जानेवारी १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि ते त्याचे चिटणीस झाले. १९२९ च्या उन्हाळ्यात संघाने प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. उन्हाळ्यात का, तर शाळा-कॉलेजांना तेव्हा सुट्टी असते आणि तेथे काम करणाऱ्यांना येता येते. १९३१ साली विद्यापीठाने हा वर्ग आपल्याकडे घेतला, आणि १९३७ पासून पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला.

हा वर्ग ग्रंथालयाच्या कुशीत चाले, हे महत्त्वाचे. पुस्तकाचा क्रमांक कसा काढायचा हे फळ्यावर शिकवून भागत नाही. खरे पुस्तक हातात घ्यावे, मलपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावना चाळावी, ते कोणाच्या उपयोगाचे आहे हे ठरवावे, नोंदपत्र लिहावे आणि मग ते अनुभवी माणसाला दाखवावे. चूक निघाली की ती का झाली यावर चर्चा व्हावी. सैदापेठेच्या सराव पाठांत आणि क्रॉयडनच्या उमेदवारीत जे त्यांनी स्वतः अनुभवले, तेच त्यांनी आता दुसऱ्यांसाठी घडवले. उत्तर थेट सांगण्यापेक्षा प्रश्न विचारून विद्यार्थ्यालाच उत्तरापर्यंत नेणे, ही त्यांची जुनी सवय इथेही कामी आली.

शाळेचे ग्रंथालय

मोठमोठ्या विद्यापीठांत वावरूनही रंगनाथन यांचे लक्ष शाळेवरून कधी हटले नाही. १९४२ साली त्यांनी शाळा आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. नवे शिक्षण आणि शालेय ग्रंथालय या विषयावरचे त्यांचे पुस्तक तर त्यांच्या निधनानंतर, १९७३ साली बाहेर आले. म्हणजे अखेरपर्यंत हा विषय त्यांच्या मनात होता.

त्यांचा आग्रह साधा होता. पाठ्यपुस्तक हे ज्ञानाचे दार आहे, घर नव्हे. दार उघडून मुलाला आत नेण्याचे काम ग्रंथालयाचे. म्हणून शाळेचा ग्रंथपाल हा कारकून नसून शिक्षकाचा सहकारी आहे. पाचवीच्या मुलाला शब्दकोशात शब्द कसा शोधावा हे शिकवणे, आठवीच्या मुलीला शास्त्राच्या प्रकल्पासाठी तीन पुस्तकांतून माहिती कशी गोळा करावी हे दाखवणे, वाचनाला कंटाळणाऱ्या मुलाच्या हातात नेमके त्याला आवडेल असे पुस्तक ठेवणे, ही सगळी शिकवण्याचीच कामे आहेत. ती करणाऱ्याला पुस्तके कळली पाहिजेत आणि मुलेही कळली पाहिजेत.

मग अशा माणसाचे प्रशिक्षण कसे व्हावे? केवळ वर्गीकरणाची परीक्षा देऊन ते होणार नाही. गणिताच्या छात्राध्यापकाला जसे खऱ्या वर्गासमोर उभे करतो, तसेच भावी शालेय ग्रंथपालालाही काही आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभे केले पाहिजे. त्याने गोष्ट सांगावी, संदर्भ शोधण्याचा पाठ घ्यावा, पुस्तकांची देवघेव सांभाळावी, आणि शाळेचे अनुभवी ग्रंथपाल व त्याचे प्राध्यापक यांनी ते पाहावे. मधल्या सुट्टीत चाळीस मुले एकदम खिडकीशी गर्दी करतात तेव्हा काय करायचे, हे कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते करूनच शिकावे लागते आणि कोणीतरी जाणते माणूस जवळ असेल तर लवकर शिकता येते. रंगनाथन यांच्या आयुष्याकडे पाहिले की ही गोष्ट आपोआप पटते.

शाळेपर्यंत न पोहोचणाऱ्यांचाही त्यांना विसर पडला नाही. १९३१ साली तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीतून फिरते वाचनालय सुरू झाले. पुस्तकांनी भरलेली गाडी खेड्याखेड्यांत जाई. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, हा दुसऱ्या सूत्राचाच अर्थ. ग्रंथालयांना सरकारचा आधार मिळावा म्हणून त्यांनी कायद्याचे मसुदेही तयार केले. १९४८ साली मद्रास प्रांतात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामागे त्यांचे मोठे श्रम होते. पुढे कर्नाटकात १९६५ साली आणि महाराष्ट्रात १९६७ साली असे कायदे झाले.

काशी, दिल्ली आणि आपले उज्जैन

मद्रास विद्यापीठातील शेवटची वर्षे त्यांना सुखाची गेली नाहीत. वरिष्ठांशी मतभेद वाढत गेले आणि १९४५ साली त्यांनी मुदतीपूर्वीच निवृत्ती घेतली. वय त्रेपन्न. आता विश्रांती घ्यावी असे ठरवले असतानाच बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. राधाकृष्णन यांचे बोलावणे आले. तेथील ग्रंथालय विस्कळित होते आणि हाताखाली प्रशिक्षित माणसे नव्हती. रंगनाथन यांनी दोन वर्षांत जवळजवळ एक लाख पुस्तकांचे वर्गीकरण आणि सूचीकरण स्वतः केले. दुसऱ्यांना शिकवणारा माणूस स्वतःच्या हाताने काम करायला लाजत नसे.

१९४७ साली ते दिल्ली विद्यापीठात आले. तेथे ग्रंथालयशास्त्राची पदवी, पदव्युत्तर पदवी आणि पुढे डॉक्टरेटचीही सोय झाली. ज्या विषयाला शंभर वर्षांपूर्वी कोणी विषयही म्हटले नसते, त्यात भारतात पहिली डॉक्टरेट १९५७ साली मिळाली. त्याच वर्षी भारत सरकारने रंगनाथन यांना पद्मश्री देऊन गौरवले.

काही काळ स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे राहून ते परतले, आणि त्या दशकाच्या अखेरीस उज्जैनच्या तेव्हाच्या विक्रम विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले. विद्यापीठ नुकतेच स्थापन झाले होते. इंदुराहून उज्जैन म्हणजे तास-दीड तासाची वाट! जगभर नावाजलेला हा माणूस क्षिप्रेच्या काठी शिकवीत होता, हे आपल्या माळव्यातल्या फार थोड्या मुलांना ठाऊक असेल.

यानंतर ते बंगळूरला स्थायिक झाले. १९६२ साली तेथे त्यांनी प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू केले. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी पुन्हा एकदा शाळाच काढली! १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. ज्या मद्रास विद्यापीठातून ते मनस्ताप सोसून बाहेर पडले होते, त्याच विद्यापीठाला १९५६ साली त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये दिले. त्या काळचे लाख रुपये! ग्रंथालयशास्त्राचे एक अध्यासन असावे आणि त्याला पत्नी शारदा यांचे नाव असावे, एवढीच इच्छा. त्यांच्या दृष्टीने भांडण माणसांशी होते, विद्येशी नव्हते.

२७ सप्टेंबर १९७२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे पाचही सूत्रे आहेत. त्यांतले तिसरे खास तुमच्यासाठी. या आठवड्यात ग्रंथालयात जाल तेव्हा असे एक पुस्तक शोधा, जे बरेच दिवस कोणी नेलेले नाही. मागच्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख पाहा. ते पुस्तक वाचा आणि आवडले तर मित्राला सांगा. एका पुस्तकाला वाचक मिळवून दिल्याचे पुण्य तुमच्या पदरी पडेल.

पालकांना एवढीच विनंती, की पाल्याने घरी आणलेले गोष्टीचे पुस्तक म्हणजे अभ्यासातला अडथळा समजू नका. मराठी घराबाहेर फारशी कानी न पडणाऱ्या आपल्या गावी, मुलांची भाषा टिकवण्याचे काम अशीच पुस्तके करतात.

आणि विश्वस्त मंडळींसमोर एक विचार ठेवावासा वाटतो. आपण शाळेत छात्राध्यापकांचे स्वागत करतो, त्यांना वर्ग देतो, मार्गदर्शन करतो. ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही वर्षातून काही आठवडे आपले ग्रंथालय सरावासाठी खुले करता येईल. खर्च फारसा नाही. आपल्या ग्रंथपालांना मदत होईल, मुलांना नवे ताई-दादा मिळतील आणि शिकणाऱ्याला खरी मुले भेटतील. एका गणिताच्या शिक्षकाला क्रॉयडनमध्ये एका ग्रंथपालाने आपल्या ग्रंथालयात येऊ दिले, शिकू दिले. त्यातून सगळ्या देशाचे भले झाले. आपल्या कपाटांपुढे उभा राहून शिकणारा एखादा उमेदवार पुढे कोण होईल, हे आज कोणी सांगावे?